प्रबंध लिहिताना संदर्भ कसे सांभाळता? एडिटरवाल्यांनी जरा सांगा

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज धागा काढायचं धाडस करतेय.

माझं पीएचडीचं काम सोलापुरातल्या कापडगिरण्यांवर आहे, जुन्या मिलच्या स्थापनेपासून (१८७७) साधारण १९५० पर्यंतचा काळ. सामग्री एका जातीची नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड (विसावा, १८८४), सरकारी अहवाल, १९३० च्या मार्शल लॉच्या वेळची वर्तमानपत्रं, इंग्रजी जर्नलमधले लेख, नुसतं शके छापलेली जुनी मराठी पुस्तकं आणि गिरणीत खपलेल्यांच्या मुलानातवंडांच्या मुलाखती.

लिहिते मी व्हीएस कोड या एडिटरमध्ये, साध्या मार्कडाउनमध्ये (साधा मजकूर, मथळे वगैरे चिन्हांनी दाखवायचे). भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने लावलेली सवय. फाईल चटकन उघडते आणि मागच्या महिन्यातला परिच्छेद परत काढता येतो. संदर्भ मात्र हाताने टाइप करतेय. पहिली दोन प्रकरणं तळटीपांसह झाली आणि आता मार्गदर्शक मॅडम म्हणतात, टीपा काढ, सगळं एपीए पद्धतीने कर, म्हणजे मजकुरात कंसात लेखक-साल आणि शेवटी यादी. शिवाय त्यांना वर्डचीच फाईल लागते, दुरुस्त्या त्यातच करतात.

तर एडिटरमध्ये लिहूनसुद्धा संदर्भ शिस्तीत ठेवणारं इथे कुणी आहे का? आणि मराठी संदर्भांचं काय करता?

कडकभाकरी
एवढा खटाटोप कशाला ताई? वर्ड उघडा, झोटेरो हा संदर्भ साठवणारा प्रोग्राम टाका, वर त्याची पट्टी येते. बटण दाबायचं, लेखकाचं नाव टाइप करायचं, संदर्भ बसला. फुकट आहे. शैली बदलायची तर यादीतून एपीए निवडा, सगळ्या फाईलमधले संदर्भ आपोआप फिरतात. मॅडमना वर्ड पाहिजे आणि तुम्ही दुसरीकडेच बसलाय, दुखणं तिथे आहे.

वाचनमात्र
वर्ड विरुद्ध एडिटर. चिरमुरे घेऊन बसलो आहे.

लेटेकवाला
कडकभाकरी, झोटेरोचं नाव घेतलंत ते बरं झालं, पण त्यासाठी वर्डमध्येच लिहायला पाहिजे असं कुठाय? नोंदी झोटेरोत ठेवायच्या आणि लिहायचं आपल्या एडिटरात.

शेंगाचटणी, मुद्द्याचं सांगतो. मजकुरात संदर्भ लिहायचाच नाही. फक्त त्याची 'की', म्हणजे छोटं सांकेतिक नाव, लिहायची. मार्कडाउनमध्ये ती चौकोनी कंसात, ॲट चिन्ह लावून येते:

[@कॅम्पबेल१८८४, पृ. ४५]

(फाईलमध्ये की रोमन अक्षरांतच ठेवा. इथे देवनागरीत लिहितोय, कारण रोमन दिसलं की ॲडमिनसाहेबांच्या कपाळावर आठ्या पडतात.)

पुस्तकाची सगळी माहिती, म्हणजे लेखक, साल, प्रकाशक वगैरे, एका वेगळ्या बिब फाईलमध्ये राहते. मग पॅनडॉक नावाचा फुकट प्रोग्राम तुमचं प्रकरण, बिब फाईल आणि शैलीची फाईल अशा तिन्ही वाचतो आणि वर्डची फाईल काढून देतो. संदर्भ जागच्या जागी, यादी शेवटी. हा पॅनडॉक जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिलाय, २००६ पासून चालू आहे. शैलीच्या फाईलला सीएसएल म्हणतात. झोटेरोच्या संकेतस्थळावर अशा दहा हजारांहून जास्त शैली पडल्यात आणि झोटेरो स्वतःही त्याच वापरतो.

तुमचं तळटीपांचं दुखणं इथेच मिटतं. टीपांची शैली काढून एपीएची लावली की पॅनडॉक त्याच की कंसात आणून बसवतो. उद्या मॅडम परत टीपा मागतील तर परत शैलीचं नाव बदला. हाताने लिहून झालेल्या टीपा मात्र एकदा बसून कीमध्ये बदलाव्या लागतील, त्याला पळवाट नाही.

बिब फाईल हाताने लिहू नका. झोटेरोत 'बेटर बिबटेक' ही जोडणी टाका. ती प्रत्येक नोंदीला की देते आणि निर्यात करताना 'कीप अपडेटेड'वर खूण केली की झोटेरोत काही बदललं तर बिब फाईल आपली आपण ताजी होते. व्हीएस कोडमध्ये 'पॅनडॉक सायटर' घाला, ॲट टाइप केलं की नोंदींची यादी उघडते. आणखी एक, की एकदा ठरली की ती गोठवून ठेवा. लेखकाचं नाव दुरुस्त केल्यावर की बदलली तर प्रकरणातली जुनी की लटकते.

कडकभाकरी
हे सगळं वाचेपर्यंत माझे दहा संदर्भ टाकून झाले असते.

लेटेकवाला
टाकून होतील हो. चारशे पानांची एक फाईल झाल्यावर भेटू.

हुतात्मा_एक्सप्रेस
आठवड्यातून दोनदा सोलापूर-पुणे करणाऱ्याचं मत. गाडीत रेंज येते-जाते. सगळं काम साध्या फाइलींमध्ये असेल तर काही अडत नाही. ऑनलाइन एडिटरवर विसंबलं की भिगवण-कुर्डुवाडीच्या मध्ये कुठेतरी फिरणारं चक्र बघत बसायचं.

मी इमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये लिहितो. त्यातल्या ऑर्ग मोडमध्ये २०२१ पासून संदर्भांची सोय आतच आली आहे, नववी दशांश पाच आवृत्ती. वरून 'सिटार' टाकलं की दोन कळा दाबून लेखकाचं अर्धं नाव लिहायचं, नोंद समोर. तिथूनच पीडीएफ उघडायचं, तिथूनच टिपणाची फाईल. हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही.

वाचनमात्र
इमॅक्स शिकण्यातच एक पीएचडी होते म्हणे, मग हा दुसरा प्रबंध का?

हुतात्मा_एक्सप्रेस
पहिलीचा व्हायव्हा अजून बाकी आहे :)

डीटीपी_अशोकचौक
हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून लिहितो.

अशोक चौकात दुकान आहे, प्रबंध टाइप करून बाइंडिंग करून देतो. तुम्ही सगळे झोटेरो न् पॅनडॉक बोलताय, माझ्याकडे येणारं पोरगं हाताने लिहिलेले फुलस्केप घेऊन येतं. मराठी विषयांचं बरंच टायपिंग अजून जुन्या फॉन्टांत चालतं. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट काढला की सगळं उलटंसुलटं. असल्या मजकुराला तुमचं कुठलंच सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही. अकारविल्हे लावता येत नाही, शोधता येत नाही. संदर्भसूची आम्ही कागदावर क्रम लावून टाइप करतो, आणि जमा करायच्या आदल्या रात्री फोन येतो, "दादा, एक पुस्तक राहिलं, मधे घाला."

आता मी युनिकोडशिवाय काम घेत नाही. दर तोच. पोरं कुरकुर करतात. त्यांना सांगतो, तुझा प्रबंध उद्या शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढणार. जुन्या फॉन्टात असला तर मराठीत शोधणाऱ्याला तो कधीच सापडायचा नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
डीटीपीवाले दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याला दुकानाच्या दारावर लावा. यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटकडे देणं बंधनकारक आहे. ती प्रत कुणाला सापडणार नसेल तर दिली काय न दिली काय.

शेंगाचटणी, बाळा, सॉफ्टवेअर मला फार कळत नाही, पण नोंदी करण्यात जन्म गेला. त्या कीचं वर्णन वाचून दाखल क्रमांक आठवला. पुस्तकाचं कव्हर फाटो, कपाट बदलो, दाखल क्रमांक तोच राहतो. तेवढं कळलं की बाकी सगळं नोंदीच्या शुद्धतेवर आहे. आणि खरी मारामारी तिथेच होते.

तुझ्या कामात संस्था लेखक म्हणून खूप येतील. 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' असं लेखकाच्या रकान्यात लिहिलंस तर यंत्र शेवटचा शब्द आडनाव समजेल आणि यादीत 'विद्यापीठ, पु. अ. हो. सो.' अशी कुणी बाई-बुवा अवतरेल. माझ्या नातवाने ही गंमत दाखवली तेव्हा हसून पुरेवाट झाली. आणि लक्षात ठेव, प्रकाशनावर जे नाव छापलंय तेच द्यायचं. विद्यापीठ २००४ चं, नामांतर २०१९ चं. त्याआधीचा अहवाल असेल तर लेखक 'सोलापूर विद्यापीठ'.

लेटेकवाला
सर, झकास उदाहरण. त्याचा उपाय: झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारी दोन रकान्यांचा एक करायचं बटण असतं, संस्थेसाठी ते दाबायचं. बिब फाईल हाताने लिहीत असाल तर संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात घालायचं.

आणि शेंगाचटणीच्या विषयात याहून मोठा सापळा आहे. बिबटेकमध्ये, म्हणजे बिब फाईल ज्या पद्धतीने लिहितात त्यात, दोन लेखकांच्या मधे इंग्रजी 'अँड' लिहितात. आता जुन्या मिलचं कंपनीचं नाव काय? सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. हे उघड्यावर लिहिलं की बिबटेक त्याचे दोन लेखक करतो, एक 'सोलापूर स्पिनिंग' आणि दुसरा 'वीव्हिंग कंपनी'. दुहेरी कंस घाला, गप बसतो.

वाचनमात्र
वीव्हिंग कंपनी सहलेखक म्हणून मानधन मागेल.

माळढोक
माझा विषय प्राणिशास्त्र, त्यामुळे इंग्रजीच लिहावं लागतं आणि जर्नलं लेटेक (मजकुरात आज्ञा लिहून छपाईची मांडणी करणारी प्रणाली) मागतात. कंसांचा विषय निघालाच आहे तर एक भर. बिबटेकच्या पुष्कळ शैली लेखाच्या शीर्षकातली पहिल्या शब्दानंतरची सगळी मोठी अक्षरं लहान करून टाकतात. नान्नजच्या अभयारण्यावरचा लेख घ्या. गावाचं नाव, महाराष्ट्र, पक्ष्याच्या प्रजातीचं लॅटिन नाव, सगळं लहान अक्षरांत उतरतं. प्रजातीच्या नावातलं पहिलं अक्षर लहान दिसलं की परीक्षक तिथेच पेन टेकवतो. म्हणून विशेषनामांना महिरपी कंस लावायचे. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, त्यामुळे मराठी शीर्षकांना ही पीडा नाही. कधी नव्हे ते आपलं भाग्य.

डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असलेल्या लेखांना हाताने काही भरू नका. झोटेरोत जादूच्या कांडीचं बटण आहे, त्यात डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद तयार. पण तयार नोंद तशीच सोडायची नाही, एकदा नजर फिरवा. कुठे शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, कुठे पानं गायब, कुठे जर्नलचं नाव अर्धंच.

अजून एक उपयोगाचं. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर झोटेरो त्या नोंदीवर लाल इशारा दाखवतो, २०१९ पासून ही सोय आहे. आमच्याकडे फार कामाची.

कडकभाकरी
म्हणजे शेवटी सगळे झोटेरोवरच आले. मग मी काय वेगळं म्हणत होतो बे?

लेटेकवाला
झोटेरोचं बरोबर होतं. वर्डचं नाही.

नवा_सदस्य
एवढी डोकेफोड का करताय सगळे? चॅटबॉटला विषय सांगायचा, तो एपीएमध्ये वीस संदर्भ करून देतो. चिकटवायचे.

निवृत्त_ग्रंथपाल
अरे बाबा, अशी एक यादी घेऊन एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. लेखक खरे, प्रकाशक खरे, पुस्तकं मात्र कुणी लिहिलेलीच नाहीत. आम्ही दोघं हिराचंद नेमचंद वाचनालयात कपाटं धुंडाळत बसलो. ज्या पुस्तकाचा कागद हातात घेतला नाही किंवा निदान पीडीएफ उघडलं नाही, ते यादीत घालू नये.

माळढोक
+१. डीओआय दिलेला असेल तर क्रॉसरेफवर, म्हणजे डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून बघा. पुष्कळदा तो निघतच नाही, नाहीतर भलत्याच लेखाचा निघतो.

नवा_सदस्य
बरं. सुचवायचं काम मी केलं.

कोर्टाची_पायरी
अवांतर वाटेल, पण नाही. शेंगाचटणी, जुन्या मिलवर लिहिताय आणि निकाल कुठे दिसला नाही तुमच्या यादीत. मिल १९४९ मध्ये बंद पडल्यावर पुढच्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, मग त्याचा कायदा झाला. त्याला एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. चरणजित लाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, एआयआर १९५१ एससी ४१. समानतेच्या कलमावर, म्हणजे कलम १४ वर वकिलीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हा निकाल पाठ करायला लावतात. अख्ख्या देशातले विद्यार्थी सोलापूरच्या मिलवर परीक्षा देतात, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं.

संदर्भाच्या दृष्टीने सांगतो, झोटेरोत निकालासाठी 'केस' हा वेगळा प्रकार आहे, तो वापरा. पुस्तक म्हणून भरलात तर 'चौधरी, च. ला.' लेखक होऊन बसतील. निकाल डिसेंबर १९५० चा आहे आणि छापील अहवालाचं साल १९५१. दोन्ही लिहून ठेवा, एपीएत निकालाचं साल लागतं.

शेंगाचटणी
दादा, वटहुकूम माझ्याकडे होता, निकाल नव्हता. शेवटच्या प्रकरणाला हे हवंच होतं. मनापासून आभार.

सगळ्यांचंच वाचतेय. काल रात्री बसून झोटेरो आणि बेटर बिबटेक टाकलं, गॅझेटियर, दोन अहवाल आणि पाचसहा लेख भरले. पॅनडॉकने पहिलं प्रकरण काढलं, वर्डमध्ये उघडलं, एपीए! आता अडलेलं सांगते.

शके छापलेल्या पुस्तकांना साल काय द्यायचं? मराठी आणि इंग्रजी संदर्भांची यादी एकच करायची की दोन? मुलाखती यादीत येतात का? आणि मॅडमनी वर्डमध्ये दुरुस्त्या केल्या की त्या माझ्या मार्कडाउनमध्ये परत कशा आणायच्या?

निवृत्त_ग्रंथपाल
शकाचं मी सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातलं पुस्तक असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८५२ म्हणजे १९३० चा चैत्र ते १९३१ चा फाल्गुन. मुखपृष्ठावर महिना नसेल तर प्रस्तावनेखालची तिथी बघ, पुष्कळदा तिथे सापडते. तिथेही नसेल तर १९३०-३१ असंच लिही, उगाच एक साल ठोकून देऊ नकोस. आणि छापलेलं शकाचं साल नोंदीत कुठेतरी जपून ठेव, परीक्षकांनी विचारलं तर दाखवता येतं.

लेटेकवाला
सर म्हणतात ते छापलेलं साल झोटेरोच्या 'एक्स्ट्रा' रकान्यात टाका. तारखेच्या रकान्यात इसवी सनच ठेवा. यादीचा आणि मजकुरातल्या कंसाचा हिशेब त्या सालावरच चालतो.

यादी एक की दोन, हे आधी मॅडमना विचारा. मराठी विभागांत दोन याद्यांची रीत आहे, एपीए स्वतः एकच यादी सांगतं. लेटेकमध्ये बिबलेटेक ही संदर्भांची नवी जोडणी वापरली तर नोंदींना 'मराठी', 'इंग्रजी' असे कीवर्ड लावून दोन याद्या सहज छापता येतात. पॅनडॉकमध्ये त्यासाठी वेगळा फिल्टर लावावा लागतो. वर्डच्या पट्टीने होत नाही, हाताने कापाकापी करावी लागते.

क्रमाचं सांगतो, तो मराठीत महत्त्वाचा. जुनं बिबटेक १९८५ च्या सुमाराचं, त्याला देवनागरीचा अकारविल्हे कळत नाही. बिबलेटेकच्या जोडीला 'बायबर' लावा, तो युनिकोडच्या नियमाने क्रम लावतो. पॅनडॉकवाल्यांनी फाईलच्या डोक्यावर भाषा मराठी लिहायची. आणि लेटेकमध्ये मराठी छापायची असेल तर झीलेटेक किंवा लुआलेटेक हे युनिकोड कळणारे प्रकारच घ्या. फॉन्ट म्हणाल तर आयआयटी मुंबईने काढलेला 'शोभिका' फुकट आहे. जोडाक्षरं सुंदर, रोमन अक्षरंही त्यातच.

डीटीपी_अशोकचौक
शोभिका टाकला आत्ता. संस्कृतवाल्या एका मॅडमना दाखवायला पाहिजे.

हुतात्मा_एक्सप्रेस
वर्डमधून परत आणायच्या प्रश्नावर. पॅनडॉक उलटाही चालतो, वर्डची फाईल घेऊन मार्कडाउन करून देतो, आणि दुरुस्त्या-शेरे ठेवायचे की काढायचे हेही सांगता येतं. पण संदर्भांच्या की तोपर्यंत साधा मजकूर झालेल्या असतात, त्या परत येत नाहीत. म्हणून मी तो उद्योग करत नाही. आमचे सर वर्डमध्ये खुणा करतात, मी एका बाजूला ती फाईल उघडतो, दुसऱ्या बाजूला एडिटर, आणि एकेक दुरुस्ती हाताने घेतो. वेळ लागतो, पण सरांचं प्रत्येक वाक्य डोळ्याखालून जातं. सगळंच मान्य करायचं नसतं, हाही फायदा.

कडकभाकरी
हाताने. शेवटी हातानेच. मी काही बोललो नाही.

लेटेकवाला
बोला हो, तुमच्याही कामाचं आहे. बेटर बिबटेकवाल्यांनी पॅनडॉकसाठी एक लुआ फिल्टर, म्हणजे छोटी जोडणी, दिलाय. तो लावला की पॅनडॉकने काढलेल्या वर्डच्या फाईलमध्ये संदर्भ मेलेला मजकूर म्हणून येत नाहीत, झोटेरोचे जिवंत संदर्भ म्हणून येतात. म्हणजे शेवटचं वाचन मॅडमबरोबर वर्डमध्ये करायचं ठरलं तर कडकभाकरींची पट्टी तिथे चालते. शेंगाचटणी, मला वाटतं तुम्ही हेच करा. लेखन संपेपर्यंत एडिटर, शेवटचा हात वर्डमध्ये. तिथून मात्र परत फिरायचं नाही. मधेच दोन ठिकाणी दोन आवृत्त्या चालू राहिल्या तर कुठली खरी ते तुम्हालाच कळणार नाही.

कडकभाकरी
अरे वा. हे माहीत नव्हतं. एकदा बघतो.

वाचनमात्र
तह झाला. चिरमुरे संपले.

माळढोक
मुलाखतींचं राहिलं. एपीएच्या सातव्या आवृत्तीत (२०१९) संशोधनासाठी तुम्ही स्वतः घेतलेल्या मुलाखती संदर्भयादीत जात नाहीत. त्या तुमची सामग्री आहेत, कुणाचं प्रकाशित काम नाही. मजकुरातच सांगायचं की ही सहभागी व्यक्ती, अमुक सांगते. एखाद्या अभिलेखागारात ठेवलेली, कुणालाही ऐकता येईल अशी मुलाखत असेल तर ती यादीत येते.

निवृत्त_ग्रंथपाल
आणि परिशिष्टात मुलाखतींचा तक्ता दे. क्रमांक, तारीख, ठिकाण, कुठल्या खात्यात काम होतं, भाषा कोणती. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं किती, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी किती. मुलाखत कुठल्या भाषेत झाली आणि मराठी कुणी केलं, हे लिहिलंच पाहिजे. नावं द्यायची की नाही ते त्यांना विचारून.

शेंगाचटणी
बहुतेक तेलुगूतच झाल्यात सर, आई सोबत असायची. तक्त्यात तिचं नाव घालते.

कडकभाकरी
एक मधलाच प्रश्न. संदर्भ जास्त दिले की ते वाङ्मयचौर्याच्या तपासणीतले साम्याचे टक्के वाढतात म्हणतात. खरं का? आमच्या एका मित्राने भीतीने अर्धी यादी काढून टाकली.

निवृत्त_ग्रंथपाल
त्याला परत घालायला सांगा! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे तपासणीतून वगळायचे असं स्पष्ट आहे. श्रेय देऊन घेतलेली अवतरणंही. उरलेल्या मजकुरात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. अहवाल काढणाऱ्याने यादी वगळायची खूण केली नसेल तर टक्का फुगतो, तेव्हा खूण करून पुन्हा अहवाल मागायचा. यादी कापण्यात काय शहाणपण?

हुतात्मा_एक्सप्रेस
शेंगाचटणी, एक खबरदारी. झोटेरोचं डेटाचं फोल्डर ड्राइव्ह-ड्रॉपबॉक्ससारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडतो. झोटेरोवाले स्वतःच तसं बजावतात. जुळवणीसाठी त्यांचं खातं वापरा. नोंदींना मर्यादा नाही, पीडीएफसाठी ३०० एमबी फुकट मिळतात. गॅझेटियरचे स्कॅन जड असतात, ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून नोंदीला नुसता दुवा जोडा. बिब फाईल आणि प्रकरणं मात्र गिटमध्ये, ते फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपतं.

शेंगाचटणी
केलं. गिट भावाने आधीच लावून दिलंय.

आता छोटंसं अडलंय. दुसरं प्रकरण काढलं तर वर्डमध्ये एका ठिकाणी कंसात ठळक अक्षरांत 'कॅम्पबेल१८८४' आणि पुढे प्रश्नचिन्ह आलं. पहिल्या प्रकरणात हीच की चालली होती.

लेटेकवाला
म्हणजे पॅनडॉकला ती की बिब फाईलमध्ये सापडली नाही. बाकीचे संदर्भ आले ना? मग बिब फाईल त्याने वाचली आहे, की तपासा. लहान-मोठं अक्षर वेगळं धरतो तो. नाहीतर गोठवायच्या आधी की बदलली असेल. व्हीएस कोडमध्ये सगळ्या फोल्डरभर शोधा आणि एकदम बदला, एडिटरात लिहिण्याचं सुख ते हेच.

शेंगाचटणी
की बदलली होती, झोटेरोने शेवटी एक अक्षर जोडलं होतं. गॅझेटियरची नोंद दोनदा झाली होती म्हणून. एक काढली, आलं सगळं बरोबर.

डीटीपी_अशोकचौक
लेटेकवाले, त्या लुआ फिल्टरचा दुवा टाका की इथे. सोमवारी एक गिऱ्हाईक येणार आहे, सहाशे पानं, सगळ्या तळटीपा हाताने. आणि शेंगाचटणी ताई, बाइंडिंगला या, काळं की मरून ते आधी विभागात विचारून.